न गंजणारे रूळ आणि न धावणारी इंजिनं

मॉडेल रेल्वेचा नाद नव्याने लागलेला माणूस मला हटकून एकच प्रश्न विचारतो. "ताई, आपल्या हवेत अजिबात गंजणार नाही असा ट्रॅक कुठला?" पुण्यात कोथरूडचं जोशी म्युझियम बघून भारावलेले असोत, परदेशातल्या मुलाने सेट पाठवलेले असोत, नाहीतर निवृत्तीनंतर गच्चीवरची खोली मोकळी करून बसलेले असोत, सगळ्यांना गंजाचीच धास्ती. मी सांगते, स्टेनलेस स्टीलचा गंजणार नाही, पण तो घेऊ नका. मग समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो आणि मला तासभर बोलायला मिळतं. तेच आता एकदा लिहून टाकते.

माझा धंदा प्लेटिंगचा, म्हणजे एका धातूवर दुसऱ्याचा मुलामा चढवण्याचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका शॉपमध्ये मी बाथ, म्हणजे मुलामा चढवायच्या द्रावणांच्या टाक्या, सांभाळते. निकेल, क्रोम, जस्त आणि कधीमधी कथील. आमच्याकडे धातू आतून काय आहे हे गिऱ्हाईक विचारतं, आणि त्याच्या अंगावर काय चढलंय हे आम्ही विचारतो. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा थर माल पास करतो किंवा परत पाठवतो. या सवयीमुळे कुठलाही रूळ हातात आला की माझी नजर आधी त्याच्या माथ्यावर जाते.

कारण मॉडेलच्या रुळाला खऱ्या रुळापेक्षा एक काम जास्त असतं. चाकाला वाट दाखवायचीच, शिवाय वीजही पोचवायची. एक रूळ अधिक, दुसरा उणे, आणि इंजिन चाकांमधून वीज उचलतं. माझं लेआउट, म्हणजे फळीवरची रुळांची मांडणी, एचओचं, म्हणजे १:८७ या प्रमाणाचं, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. इंजिनाचं वजन काही शे ग्रॅम. ते सहा-आठ चाकांवर वाटलं गेलं की एकेका चाकाखाली सुईच्या टोकाएवढी जागा रुळाला खरोखर टेकते. तेवढ्या जागेतून मोटर फिरवणारी वीज जायची असते, तीही १२ व्होल्टच्या रेट्याने. मधे काही मायक्रॉनचा वीजरोधक थर आला की इंजिन अडखळतं. डीसीसी असेल, म्हणजे रुळातूनच आकडी संदेश जात असतील, तर क्षणभराच्या खंडानेही इंजिनातला डिकोडर गांगरतो आणि गाडी जागच्या जागी थांबते.

म्हणून धातू किती गंजतो यावर मी थांबत नाही. गंजल्यावर, काळा पडल्यावर त्याच्या माथ्यावर जे साचतं त्यातून वीज जाते का, आणि ते साचायला किती वेळ लागतो, हे मी बघते. या दोन कसोट्यांवर धातूंचा क्रम अगदी उलटापालटा होतो.

पोलादापासून सुरुवात करते, कारण त्याचा निकाल लवकर लागतो. जुन्या टिनप्लेटच्या गाड्यांचे रूळ म्हणजे कथलाचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा वाकवून केलेले. नंतरच्या काळात स्वस्त सेटमध्ये भरीव पोलादी रूळ आले आणि आजही येतात. बॅकमनच्या ईझी ट्रॅकमध्ये रुळाखाली काळी गादी असलेला ट्रॅक पोलादी आणि करड्या गादीचा निकेल सिल्व्हरचा, म्हणजे जर्मन सिल्व्हरचा, असतो. सेकंडहँड घेताना ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

पोलादाचा दोष असा की त्याचा गंज थांबत नाही. पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर चढणारा थर खालच्या धातूला थोडंफार झाकतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो, पापुद्रे सुटतात आणि खालचा कोरा धातू पुन्हा हवेला उघडा पडतो. साधारण ६० टक्क्यांच्या पुढे आर्द्रता गेली की लोखंड गंजायला लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ८०-९० टक्के ही रोजची गोष्ट. त्यात किनाऱ्याच्या हवेत मिठाचे कण. मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. म्हणजे रुळावर पावसाचा एक थेंबही पडायला नको. खोलीत ठेवलेल्या रुळावरही खाऱ्या पाण्याचा अदृश्य पडदा तयार होतो, आणि लोखंडाला आणखी काय हवं?

यावर लोक म्हणतात, जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी रूळ घ्यावा. जस्त आमच्या रोजच्या कामातलं आहे. त्याचा गुण असा की ते स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. छपराच्या पत्र्याला ते उत्तम. रुळाच्या माथ्यावर मात्र चाकं घासतात, वरून आपण सफाईचा खडबडीत रबर फिरवतो, आणि नेमकं जिथे वीज जायची तिथलंच जस्त आधी जातं. शिवाय रूळ कापला की कापलेलं टोक उघडं. सांध्याचा त्रास तिथून सुरू होतो.

पोलादाच्या बाजूने एकच गोष्ट मला आवडते. त्याला लोहचुंबक चिकटतो. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या ट्राय-अँग या खेळण्यांच्या कंपनीने इंजिनांत चुंबक बसवून त्याला मॅग्नाडहीजन नाव दिलं होतं. इंजिन पोलादी रुळाला धरून राहायचं आणि चढावर जास्त डबे ओढायचं. कल्पना झकास. पण ज्या इंजिनाच्या पोटात चुंबक आहे ते रुळावरचा गंजाचा बारीक चुराही गोळा करतं, आणि तो चुरा गिअरमध्ये जातो.

आता पितळ. याच्याबद्दल माझ्या मनात हळवा कोपरा आहे हे आधीच सांगून टाकते. तांब्याची वीज वाहण्याची क्षमता १०० धरली तर ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची साधारण २८ भरते. आज सगळीकडे जे निकेल सिल्व्हर वापरतात त्याची ५-६ च्या आसपास. म्हणजे नुसत्या वाहकतेत पितळ जवळपास पाचपट सरस. सोल्डर चटकन धरतं, वाकवायला सोपं. एके काळी अमेरिकेत आणि युरोपात एचओचे पितळी रूळ भरपूर विकले जायचे. मग ते बाजारातून का हटले? देवघरातली समई घासणाऱ्या कुणालाही विचारा. पितळ स्वस्थ बसत नाही. आज घासलेलं पितळ काही दिवसांत पिवळ्याचं तपकिरी होतं, आणि हवेत गंधक असेल तर काळं. तो तपकिरी थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा. त्यातून वीज अगदीच जात नाही असं नाही, पण कशीबशी जाते. जड इंजिन तो थर चिरडून जातं, हलकं शंटिंग इंजिन पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलायच्या जागी, अडकून बसतं.

डोंबिवलीत तर हवेची वेगळीच मेहेरबानी. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कारखाने. खाडीला ओहोटीच्या वेळी येणारा तो सडका वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तांबं असलेल्या कुठल्याही मिश्रधातूचा तो वैरी. चांदीचे दागिने इथे कपाटातल्या कपाटात काळे पडतात, मग उघड्या रुळांचं काय घेऊन बसलात.

पितळेचा दुसरा रोग दिसायला उशीर लागतो. खारट ओलाव्यात जास्त जस्ताच्या पितळेतून जस्त विरघळून निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. रंग पिवळ्याचा गुलाबी होतो. जुन्या नळाच्या आट्यांवर असे गुलाबी ठिपके बघितले असतील. दिसायला नाजूक, पण तिथे धातूत जीव उरलेला नसतो. रुळाच्या जाडजूड छेदाला याने फारसं काही होत नाही. दोन रूळ जोडणारा जो पातळ पत्र्याचा जॉइनर असतो तो मात्र नखाने तुटतो.

तिसरा रोग तर आपल्याच मातीत ओळखला गेला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना भेगा पडायच्या, आणि त्याही नेमक्या पावसाळ्यात. पाऊस ओसरेपर्यंत दारूगोळा तबेल्यांत ठेवलेला असायचा. ऋतूमुळे होतं म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूची भेग असंच नाव दिलं. खरा उलगडा १९२१ मध्ये झाला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, ओलावा, आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की पितळ बाहेरून जवळपास धडधाकट दिसत असतानाच चिरतं.

आज तबेला नाही, पण कबुतरं आहेत. मुंबईच्या आसपास ज्याने गॅलरीत किंवा माळ्यावर लेआउट मांडलंय त्याला हे सांगावं लागत नाही. कबुतरांच्या विष्ठेतलं युरिक ॲसिड कुजतं आणि अमोनिया सुटतो. जॉइनर म्हणजे रुळाच्या पायाला चिमटा घेऊन बसलेला पातळ पत्रा, कायम ताणात. आमच्या मजल्यावरच्या एका हौशी आजोबांच्या गॅलरीतल्या ट्रॅकचे पितळी जॉइनर लांबीच्या दिशेने उकललेले मी पाहिलेत, आणि वरच्या कपाटावर कबुतरांचं आख्खं कुटुंब नांदत होतं. त्यांना मी एवढंच म्हटलं, "काका, आधी जाळी लावा, मग धातूचं बघू." मांजरांच्या बाबतीतही हेच. आणि काचा पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो, त्यांनी रूळ पुसू नयेत. कल्हईवाला वापरतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. भांड्यावर तापवून कथील फिरवायला तो बहाद्दर आहे, पण सोल्डर करताना नवसागराचा किंवा जस्त क्लोराइडचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून लावायचं रसायन, लावून तसाच ठेवला तर अमोनियाही आला आणि क्लोराइडही.

ओघात आलंच आहे तर चिंच-मिठाबद्दल. "पितळ आहे ना, मग चिंच लावा" असं घरातलं प्रत्येक माणूस सांगतं. चिंचेतलं आम्ल ऑक्साइड विरघळवतं हे खरं, भांडं लख्ख होतं. पण भांडं आपण नळाखाली धुतो. लाकडी फळीवर खिळलेला, वायरी जोडलेला, खडी चिकटवलेला ट्रॅक कसा धुणार? खाचेत उरलेलं मीठ पुढच्या ओल्या दिवशी पाणी ओढतं आणि रूळ आधीपेक्षा लवकर काळा पडतो.

निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. तांबं, जस्त आणि निकेल, चांदी शून्य. रुळांसाठी निकेल साधारण १० ते २० टक्के. चीनमध्ये हा मिश्रधातू जुना, युरोपात त्याची नक्कल १८२० च्या दशकात जर्मनांनी साधली, आणि पुढे त्यावर चांदी चढवून काटे-चमचे करायची पद्धत पडली. आमच्या शॉपमध्ये अजूनही कुणी जुन्या क्लबमधले ईपीएनएसचे, म्हणजे चांदी चढवलेल्या निकेल सिल्व्हरचे, चमचे पुन्हा चांदी चढवायला आणतं. चांदी झिजून गेलेल्या जागीही तो चमचा फिकट पांढराच दिसतो. त्या झिजलेल्या जागेत या धातूचं सगळं मर्म आहे. त्याला हवा लागते, पण सावकाश.

याच्या नावावर एक समजूत खपते की निकेल सिल्व्हरचं ऑक्साइड वीजवाहक असतं, म्हणून रूळ पुसावेच लागत नाहीत. डब्यांवर, दुकानांत, जाणत्यांच्या तोंडी, सगळीकडे ऐकू येते. मला ती पटत नाही. शुद्ध निकेल ऑक्साइड जवळपास वीजरोधक असतं, आणि त्याच्यासोबत असलेली जस्ताची, तांब्याची ऑक्साइडं काही तांब्याची तार नव्हेत. खरी गोष्ट साधी आहे. थर पितळेपेक्षा हळू चढतो, पातळ राहतो, आणि चाकांच्या घासण्यानेच मोडतो. रोज गाडी चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही. महिनाभर लेआउट झाकून गावाला गेलात तर परत आल्यावर पहिल्या फेरीला जाणवतो. गंधकाच्या हवेत निकेल सिल्व्हरही पिवळट-तपकिरी होतं, माझ्या घरी होतं. फक्त इंजिन त्यावर चालत राहतं.

त्याची किंमत मोजावी लागते ती विजेत. हिशोब करून दाखवते. रुळाचा छेद अडीच चौरस मिमी धरा आणि लेआउट १० मीटर लांब, वीज एकाच टोकाला जोडलेली. निकेल सिल्व्हरच्या दोन्ही रुळांचा मिळून रोध होतो सुमारे २.४ ओहम. दोन गाड्या मिळून १ अँपिअर घेत असतील तर दूरच्या टोकाला २.४ व्होल्ट गायब, म्हणजे १२ चा पाचवा हिस्सा. पितळ असतं तर अर्धा व्होल्ट गेला असता. स्टेनलेस असतं तर जवळजवळ ६ व्होल्ट, म्हणजे निम्मी वीज रूळ तापवण्यात खर्च. यात जॉइनरचे रोध धरलेलेच नाहीत.

उपाय सगळ्यांना माहीत असलेला, पण कंटाळवाणा. फळीखालून तांब्याची जाड वायर फिरवायची आणि दर मीटरभराला, शक्यतो रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, तिच्यातून एक बारीक वायर वर आणून सोल्डर करायची. दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या जोडीत याच १० मीटरला पाव व्होल्टही जात नाही. एकदा हे केलं की रुळाचं काम उरतं हातभर अंतर वीज नेण्याचं, आणि तेवढं निकेल सिल्व्हर मजेत करतं. पितळेचा पाचपट फायदा या एका वायरने निकालात निघतो. पितळ मागे पडलं त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. वाहकता फळीखाली स्वस्तात विकत मिळते, माथ्याची स्वच्छता विकत मिळत नाही, ती दर आठवड्याला हाताने कमवावी लागते.

स्टेनलेसचं नाव निघालंच आहे. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं आपल्या डब्यांचं स्टील. त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर असतो, ओरखडा पडला तरी हवेत लगेच पुन्हा बसतो. गंजाच्या बाबतीत या यादीत त्याला तोड नाही. पण वाहकता तांब्याच्या अडीच टक्क्यांच्या घरात. शिवाय तो थर जसा गंजाला अडवतो तसाच सोल्डरलाही. तीव्र आम्लाचा फ्लक्स लागतो, आणि तो धुऊन निघाला नाही तर शेजारची तांब्याची वायर खातो. म्हणून स्टेनलेसचे लोक सोल्डर न करता स्क्रूचे क्लॅम्प वापरतात. मोठ्या प्रमाणाच्या गाड्यांना, जिथे रूळ चांगला जाड असतो, तिथे ते जमून जातं. एचओच्या कोड ७५ किंवा ८३ रुळाला, म्हणजे दोन मिमी उंचीच्या काडीला, क्लॅम्प लावून बघाच. (कोड म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागांत. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी.) आणि समुद्राकाठी साध्या ३०४ स्टेनलेसवरही चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतातच. दोन-अडीच टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ जास्त टिकतं, पण रुळात ते मागून मिळणं हा वेगळा खटाटोप.

ॲल्युमिनियमचा किस्सा उलटा. शुद्ध ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६० टक्के, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा वर, आणि हवेतही छान टिकतं. पण त्याचं ऑक्साइड पक्कं वीजरोधक. रूळ आतून राजमार्ग आणि माथ्यावर बंद दरवाजा. ज्यांची इंजिनं रुळातून वीज घेतच नाहीत, पोटात बॅटरी किंवा खरी वाफ असते, त्यांनी ते बिनधास्त वापरावं. त्याला पितळी जॉइनर मात्र लावू नयेत. खारट ओलाव्यात दोन वेगळे धातू भिडले की त्यातला लवकर गंजणारा खाल्ला जातो, आणि ॲल्युमिनियम-पितळ या जोडीत बळी ॲल्युमिनियमचा.

हे सगळं मी पुस्तकातून उतरवलेलं वाटू नये म्हणून गेल्या पावसाळ्यात एका फळीवर पाच धातूंचे तुकडे ओळीने ठोकले. एक फळी गॅलरीत पागोळीच्या आत, म्हणजे पाऊस लागणार नाही पण हवा पूर्ण लागेल अशी, आणि तशीच दुसरी लेआउटच्या खोलीत. मोजायचं कसं हा खरा प्रश्न होता. मल्टिमीटरचं टोक अणकुचीदार असतं, ते काळा थर भोसकून खालच्या धातूला भिडतं आणि सगळेच रूळ छान म्हणून सांगतं. म्हणून एका जुन्या इंजिनाचा चाकांचा एक जोड घेतला, त्यावर शिशाचं वजन ठेवून चाकावर इंजिनाइतकाच भार आणला, आणि रुळातून चाकात जाणाऱ्या विजेवर एक छोटा बल्ब लावला. चाक हलक्या हाताने सरकवायचं आणि बल्ब कुठे लुकलुकतो ते बघायचं.

गॅलरीतलं पोलाद जूनमध्येच तांबूस झालं, ऑगस्टमध्ये त्यावर बल्ब लागायचा तो फक्त चाक दाबून घासल्यावर. पितळ लवकर तपकिरी पडलं. बल्ब लागायचा, पण लुकलुकत. ॲल्युमिनियम डोळ्यांना नवंकोरं आणि बल्ब बहुतेक वेळा विझलेला. ही गंमत बघायला मी घरी आलेल्या प्रत्येकाला बोलावत होते. स्टेनलेसवर बल्ब लागला, कुठेकुठे अडखळला, एरवी त्याच्यात बदल शोधूनही सापडेना. निकेल सिल्व्हर पिवळसर झालं आणि बल्ब बराचसा स्थिर राहिला. खोलीतल्या फळीवर सगळ्यांचा क्रम तोच, फक्त सगळं सावकाश, आणि पितळ व निकेल सिल्व्हर यांच्यातला फरक निम्म्यावर आलेला. तेव्हा ज्याच्याकडे बंद खोली आहे आणि हाताला कामाचा कंटाळा नाही, त्याने जुने पितळी रूळ मिळाले तर फेकून देऊ नयेत असं मी म्हणेन. हे मत पुष्कळांना आवडत नाही.

रुळाच्या माथ्यावर जमणारं काळं सगळं गंजच असतं असंही नाही. चाक आणि रूळ यांच्यात सतत बारीक ठिणग्या उडतात, त्यांत धातू जळतो, वर धूळ, इंजिनातून गळलेलं तेल, प्लॅस्टिकच्या चाकांची झीज. याचा चिकट लेप होतो आणि तो कुठल्याही धातूवर बसतो. त्यासाठी खडबडीत रबर वापरला तर रुळावर ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्या ओरखड्यांत घर करतो. आमच्या बफिंगच्या पोराला हे सांगावं लागत नाही. आरसा केलेल्या तुकड्याला मळ धरत नाही हे तो बोटानेच ओळखतो. मी नवीन रूळ बसवला की बारीक, मग अति बारीक पॉलिश पेपर फिरवते, आणि शेवटी स्टेनलेसच्या गुळगुळीत वॉशरने माथा दाबून घासते. नंतर फक्त सुती कापड. कशात भिजवायचं यावर हौशी लोकांत रण माजतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मळ काढतं आणि उडून जातं, पण काही जण म्हणतात की त्यानंतर काळं लवकर येतं आणि रॉकेलच्या जातीचं, ध्रुवीय नसलेलं द्रावक बरं. मी दुसऱ्या पक्षात आहे, अगदी पुसट हात, खिडकी उघडी ठेवून.

बाहेरच्या बागेत मात्र माझं घरातलं शहाणपण चालत नाही. अलिबागच्या पुढे माझ्या मावसभावाचं घर आहे, समुद्र ऐकू येतो इतकं जवळ. त्याने नारळांच्या आळ्यांमधून ४५ मिमी गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेली, गाडी फिरवली आहे. हे गेज बागेत लोकप्रिय केलं ते न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने, १९६८ मध्ये एलजीबी आणून, आणि त्यांचे रूळ पितळेचे, सुमारे साडेआठ मिमी उंच. वर पितळेबद्दल एवढं रडगाणं गायल्यावर मी त्याला काय सांगितलं असेल? पितळच ठेव. तिथली इंजिनं किलोंच्या हिशोबात, व्होल्टेज जास्त, चाक थर चिरडून जातं. रूळ इतका जाड की जस्त पिढीभर गेलं तरी फरक पडू नये. अंतर लांब, फळी नाही, खालून वायर नेणं कटकटीचं, तेव्हा रुळाचीच वाहकता कामाला येते. निकेल सिल्व्हर तिथे महाग पडतं आणि स्टेनलेसला वीज पुरत नाही.

त्याचं दुखणं सांध्यांत होतं. रूळ तपकिरी पण चालते, आणि सरकते जॉइनर आतून हिरवे, फुललेले. कळक आलेल्या सांध्यात वीज जात नाही आणि वरून काही दिसत नाही. आम्ही दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत सगळे सरकते जॉइनर काढून पितळी क्लॅम्प बसवले, स्क्रू स्टेनलेसचे, आणि आवळण्याआधी प्रत्येक सांध्यात वीजवाहक ग्रीस भरलं. "ताई, सगळंच निकेल प्लेटिंग करून देतेस का तुझ्या शॉपमधून?" त्याने हसत विचारलं. देता आलं असतं. पितळेवर निकेल सुरेख बसतं. पण निकेल प्लेटिंगला सूक्ष्म छिद्रं राहतात, खारट पाणी त्यातून आत जातं, आणि चढवलेला थर चाकाखाली झिजला की घासून साफ करायचीही सोय राहत नाही. म्हणून नाही म्हटलं. दर रविवारी लांब दांड्याला बारीक पॉलिश पेपर लावून तो उभ्याउभ्या सगळा मार्ग घासतो. पुतण्या मागून इंजिन सोडतो.

तर निकेल सिल्व्हर घ्या, घरातल्या लेआउटला. कोड १०० घेतला तर जुन्या इंजिनांची जाड कडेची चाकंही चालतात, दिसायला नाजूक हवा असेल तर ८३ किंवा ७५. प्रत्येक तुकड्याला वायर लावा, राळेचा फ्लक्स वापरा, सोल्डर झाल्यावर अल्कोहोलने जागा पुसून घ्या. प्लेटिंगमध्ये निम्मं काम धुण्याचं असतं आणि नवे कामगार तिथेच घाई करतात. जास्तीचे रूळ सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद ओल धरतो. आणि गॅलरीत मांडणार असाल तर धातूवर खर्च करण्याआधी जाळी बसवून घ्या. आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी बसवली, पण कबुतरं आता आमच्या एसीच्या बाहेरच्या पेटीवर आली आहेत.